वाचक विचारतात : कॅम्पर व्हॅनमध्ये कोणत्या सोयी खरंच लागतात?

प्रश्न (नाशिक) : जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आहे. आम्ही दोघं आणि दोन मुलं. एसी, मायक्रोवेव्ह, टीव्ही, शॉवर, टॉयलेट, ४० लिटरचा फ्रिज, छताचा पंखा अशी यादी केली आहे. सगळं बसेल का?

जागेत बसेल. वजनात आणि बॅटरीत बसणार नाही. म्हणून आधी ही दोन गणितं करा, सुताराला नंतर बोलवा.

सीट काढून झाल्या की गाडी, डिझेलची टाकी भरून, वजनकाट्यावर न्या. आरसीवरचं एकूण वजन (माणसं-सामानासह गाडीला मंजूर असलेलं कमाल वजन) वजा हे वजन, एवढाच तुमचा वाव. त्यातून चार माणसं आणि त्यांचं सामान आधीच वजा करा. आठ बाय चारचा १२ मिलिमीटरचा एक प्लाय साधारण २० ते २५ किलो भरतो, १८ मिलिमीटरचा ३० ते ३७. घरच्या फर्निचरची सवय असलेले सुतार सगळीकडे १८चाच प्लाय लावतात आणि तिथेच शंभर-दीडशे किलो वाढतं. पलंगाच्या सांगाड्याला ॲल्युमिनियम सेक्शन, वर १२चा प्लाय, कपाटांच्या दारांना ९चा, एवढं पुरतं. काम संपल्यावर पुन्हा काट्यावर जा आणि पुढची चाकं, मागची चाकं वेगवेगळी तोला. पाण्याची टाकी, बॅटरी आणि कपाटं एकाच बाजूला आली, तर गाडी घाटातल्या वळणांवर त्या बाजूला झुकते.

आता वीज. कॉम्प्रेसरचा ४० लिटरचा फ्रिज चालताना ४५ वॉटच्या आसपास घेतो आणि उन्हाळ्यात जवळजवळ निम्मा वेळ चालू असतो, म्हणजे दिवसाला सुमारे ४९० वॉट-तास. झोपताना लागणारा २५ वॉटचा पंखा नऊ तास : २२५. छताचा एक्झॉस्ट पंखा आठ तास : १६०. दिवे, फोन, पाण्याचा पंप मिळून ११०. बेरीज ९८०च्या घरात जाते. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-तासांची असते आणि त्यातले ८० टक्के वापरायचे धरले तर १,०२४ मिळतात. म्हणजे तिच्यावर एक दिवस जेमतेम निघतो. एका जागी दोन दिवस मुक्काम करायचा असेल तर २०० अँपिअर-तास घ्या.

याच बॅटरीवर टपावरचा १२ व्होल्टचा एसी ६५० वॉट ओढतो. १०० अँपिअर-तासात तो दीड तास चालेल, २००मध्ये तीन. रात्र काढायची तर आणखी दोन-तीन बॅटऱ्या आणि त्या भरायला टपभर पॅनेल लागतील. एसी वगळा. मायक्रोवेव्हही वगळा : तो इनव्हर्टरमधून बाराशे वॉट घेतो, म्हणजे बॅटरीतून शंभरावर अँपिअर, आणि तेवढ्यासाठी जाड केबल, मोठा फ्यूज, मोठा इनव्हर्टर असा सगळा खर्च वाढतो. टीव्हीचं काम टॅबवर भागतं.

एसीचे पैसे छताच्या पंख्यात घाला. सगळ्या यादीत सर्वांत उपयोगाची वस्तू तीच. पण तो एकटा काम करत नाही, त्याला हवा आत यायला खालच्या बाजूला जाळीची खिडकी लागते. पंखा पलंगाच्या विरुद्ध टोकाला लावा, म्हणजे झोपलेल्यांच्या अंगावरून वारा जातो. टपाला भोक पाडल्यावर कापलेल्या पत्र्याच्या कडेला प्रायमर लावायलाच हवा. फ्रेमखाली ब्युटाइल टेप, वरून पॉलियुरेथेन सीलंट. साधं सिलिकॉन नको, ते पुढे सुटलं की त्या जागी दुसरं काही नीट चिकटत नाही.

शॉवरचं गणित पाण्याचं आहे. माणशी १५ लिटर म्हटलं तरी चौघांचे रोज ६० किलो. त्यापेक्षा हात-पंपाचा फवारणीचा डबा घ्या (नवाच घ्या, औषध मारलेला नको). पाच लिटरमध्ये एका माणसाची आंघोळ होते. टॉयलेट मात्र मुलं लहान असतील तर ठेवा, पण पक्कं बसवलेलं नको. खाली टाकी असलेलं सुटं घ्या. २० लिटरची टाकी चौघांना दोन दिवस पुरते. ती रिकामी करायची ती संडासातच.

प्रश्न (सांगली) : १२ व्होल्टचा फ्रिज पहाटे आपोआप बंद पडतो. बॅटरीवाला म्हणतो, बॅटरी चांगली आहे. वायर १.५ एमएमची, पाच मीटर लांब आहे.

बॅटरीवाल्याचं बरोबर असावं, दोष वायरीत आहे. पाच मीटर जायचं आणि पाच यायचं, म्हणजे दहा मीटर तांबं. १.५ स्क्वेअर एमएमच्या एवढ्या वायरीत फ्रिजचे पाच अँपिअर वाहताना सुमारे ०.६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी प्रवाह जास्त असतो, तेव्हा घट आणखी वाढते. पहाटे लेड-ॲसिड बॅटरी भाराखाली १२च्या खाली आलेली असते, म्हणून फ्रिजपर्यंत ११च्या आसपास पोचतात. फ्रिजचं बॅटरी-संरक्षण 'हाय'वर असेल तर तो अशाच व्होल्टेजला स्वतःला बंद करतो.

४ स्क्वेअर एमएमची वायर टाका, घट ०.२वर येईल. सिगारेट लायटरचं सॉकेट काढून घट्ट बसणारा कनेक्टर लावा, त्या सॉकेटची सैल पत्तीही व्होल्ट खाते आणि गरम होते. १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरीला कोणतंच संरक्षण नसतं. फ्रिजला वेगळी बॅटरी असेल तर संरक्षण 'मीडियम'वर ठेवा. गाडीच्याच बॅटरीवर असेल तर 'हाय'च राहू द्या, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही.

पुढे लिथियम घेणार असाल तर अल्टरनेटरवरून भरायला नुसता रिले पुरणार नाही, डीसी-टू-डीसी चार्जर (अल्टरनेटरचं व्होल्टेज बॅटरीला हवं तसं करून देणारा) लागेल. बऱ्याच बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला व्होल्टेज कमी-जास्त करतो. ३० अँपिअरचा चार्जर दोन तासांच्या प्रवासात ६० अँपिअर-तास भरतो. पावसाळ्यात सोलरपेक्षा त्याचाच भरवसा जास्त.

प्रश्न (रत्नागिरी) : आतून ग्लासवूल आणि त्यावर प्लाय लावला. एका पावसाळ्यात कुबट वास आला, प्लाय फुगला. काय चुकलं?

दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरच्या वर पाणी हवेत सोडतात. पावसाने पत्रा गार झाला की ती वाफ पत्र्यावर थेंब होऊन बसते. ग्लासवूल ते धरून ठेवतं, कोकणातल्या हवेत सुकू देत नाही. पत्रा आतून गंजायला लागतो आणि वरून काहीच दिसत नाही.

सगळं उघडा. गंज खरवडून रेड ऑक्साइड मारा आणि पूर्ण वाळू द्या. मग १० ते १९ मिलिमीटरची नायट्राइल किंवा एक्सएलपीई फोमची चिकट पाठीची शीट पत्र्याला थेट, पोकळी न ठेवता चिकटवा. बंद पेशींचा फोम पाणी पीत नाही. दारांच्या तळाशी पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती फोमने किंवा सीलंटने बुजवू नका. प्लाय आयएस ७१०चा, बीडब्ल्यूपीच (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) घ्या, आणि कापलेल्या कडा सील करा, कारण फुगणं तिथूनच सुरू होतं. खिडक्यांना व्हायझर लावले की पाऊस असतानाही दोन बोटं काच खाली ठेवता येते.

प्रश्न (पुणे) : स्वयंपाकाला गॅस की इंडक्शन?

रोज किल्ल्याजवळ मुक्काम, एक वेळचा भात-पिठलं, दोनदा चहा, एवढंच असेल तर गॅस. इंडक्शनला दीड-दोन हजार वॉट लागतात. ५ किलोचा सिलिंडर उभाच, पट्ट्याने बांधून, केबिनपासून बंदिस्त कप्प्यात ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीशी साचतो, म्हणून त्या कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं. ते सायलेन्सरच्या वर येऊ देऊ नका. नळी आयएसआयची असावी. शक्य तेव्हा शेगडी मागच्या दाराबाहेर लावा. शेगडीवर गाडी गरम करत झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दाराजवळ २ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक असू द्या.

प्रश्न (पणजी) : मारुती ईकोमध्ये पलंग आडवा बसेल का? आरटीओची परवानगी लागते का?

आडवा नाही. बाहेरून गाडी १,४७५ मिलिमीटर रुंद आहे, आतून त्याहून कमी. लांबीच्या दिशेने करा : पुढची सीट पुढे सरकवून, तुमच्या उंचीत १० सेंटिमीटर मिळवून माप घ्या. सीट काढणं, टप कापणं हे मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ मध्ये येतं. काम सुरू करण्याआधी आरटीओकडे लेखी विचारा, मंजुरी मिळाली की बदलाची नोंद आरसीवर करून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा.