स्लॅब गळतोय, एफडी मोडून बिल्डरवर केस करू का?

प्रश्न : म्हापशात सगळ्यात वरच्या मजल्यावर 48 लाखांचा फ्लॅट आहे. ताबा मिळून 4 वर्षे 4 महिने झाले. दोन पावसाळ्यांपासून बेडरूमचा स्लॅब झिरपतो, गिलावा सुटून गंजलेली सळी दिसते. बिल्डर म्हणतो, हा मेंटेनन्सचा विषय. दुरुस्तीचा अंदाज 3 लाख 20 हजार. वकील पूर्ण केसचे 75 हजार आणि दर तारखेला 4 हजार सांगतात. नुसती नोटीस आणि तक्रार लिहून द्यायचे 20 हजार. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल 18 हजार. शिल्लक म्हणजे 6 लाखांची एफडी, घरकर्जाचा हप्ता 29 हजार. लढू की दुरुस्त करून मोकळी होऊ?

उत्तर : एफडी मोडू नका, आणि दुरुस्तीलाही इतक्यात हात लावू नका. पहिले 18 हजार इंजिनिअरला द्या.

रेरा (बिल्डर आणि घरखरेदीदारांसाठीचा कायदा; त्याखालच्या प्राधिकरणालाही रेराच म्हणतात) कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. तुमच्या हातात 8 महिने आहेत. सगळा वाद मात्र एकाच गोष्टीवर होणार : दोष बांधकामातला की देखभालीतला? गच्चीवरचे पाइप तुंबले होते, कोणी टाकीसाठी वॉटरप्रूफिंग फोडलं, असं बिल्डर म्हणणारच. म्हणून अहवालात सळीवरच्या काँक्रीटच्या आवरणाची जाडी कव्हर मीटरने मोजून मंजूर ड्रॉइंगशी ताडलेली हवी, गच्चीवर पाणी तुंबवून केलेली चाचणी हवी, तारखेसह फोटो हवेत. आधी प्लास्टर करून घेतलंत तर हा पुरावाच जातो. असे दावे बहुतेक इथेच ढासळतात. सुपरवायझरला पाठवलेल्या व्हॉट्सअॅपवर विसंबू नका. नोटीस बिल्डरच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने जाऊ द्या, सोबत ईमेल.

आता हिशेब. 12 तारखा धरल्या तर पूर्ण वकील आणि अहवाल मिळून 1 लाख 41 हजार. पूर्ण भरपाई मिळण्याची शक्यता 44 टक्क्यांहून जास्त असेल, तरच हा खर्च परवडतो. रेराच्या कलम 56 प्रमाणे तुम्ही स्वतः उभ्या राहू शकता. मग खर्च 38 हजार, आणि तीच रेषा 12 टक्क्यांवर येते. एवढी रक्कम चार-पाच महिन्यांच्या बचतीतून निघावी. हरलात तरी घर हलणार नाही, म्हणून माझं मत या वाटेला. कोणी ‘आधी काही नको, भरपाईतले टक्के द्या’ म्हणालं तर तिथे जाऊ नका. बार कौन्सिलच्या नियमांत अशी फी निषिद्ध आहे.

जिल्हा ग्राहक आयोगाचाही पर्याय आहे. 50 लाखांपर्यंतची किंमत तिथे चालते, शुल्क 1,000 रुपये, पण मुदत कारण घडल्यापासून फक्त 2 वर्षांची, आणि तुमची गळती दोन पावसाळ्यांची आहे. शिवाय आयोगाच्या निकालाविरुद्ध अपील करताना बिल्डरला निम्मी रक्कम भरावी लागते. रेरात भरपाईची पूर्ण रक्कम. पैसे हाती येण्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नका. इमारतीत 8 किंवा त्याहून कमी फ्लॅट असतील तर प्रकल्पाची रेरा नोंदणी झाली आहे का, ते आधी गोवा रेराच्या संकेतस्थळावर बघा. तिथेच बिल्डरचे चालू प्रकल्प दिसतील. एकही नसेल, तर निकाल लागूनही वसुली कठीण.

गच्ची सामाईक असते. तिचं वॉटरप्रूफिंग तुमच्या 3 लाख 20 हजारांतून वेगळं काढून घ्या. ती मागणी सोसायटीने करायची, आणि शेजारच्या फ्लॅटवाल्यांना ओल असेल तर अहवालाचा खर्चही वाटून घ्या.

रागाने बँकेचा हप्ता थांबवू नका, बिल्डरच्या चुकीचा डाग तुमच्या सिबिलवर पडेल. इंजिनिअरची उलटतपासणी निघाली, तर तेवढ्या तारखांना वकील नेमा.