सॅन फ्रान्सिस्कोची केबल कार कोणी काढली, आणि तो माणूस आधी काय करायचा?

अँड्र्यू स्मिथ हॅलिडीने, आणि तो मुळात तारेचे दोर बनवणारा माणूस होता. १८३६ ला लंडनमध्ये जन्म, वडिलांकडेच वायर रोपची पेटंटं, १८५२ ला त्यांच्यासोबत कॅलिफोर्नियात गेला, तिथे सोन्याच्या खाणींच्या भागात झुलते पूल बांधले, खाणीतला माल दोरावरून वाहायची सोय केली आणि मग तोच दोर शहरातल्या चढाला लावला. ऑगस्ट १८७३ मध्ये क्ले स्ट्रीटवर ट्रायल झाली. गंमत म्हणजे गाडीत इंजिनच नाही, सुरुवातीला स्टीम इंजिन एका जागी बसून रस्त्याखालचा दोर सतत फिरवत राहायचं, ग्रिपमनने लिव्हर ओढला की खाचेतून खाली गेलेली पकड दोराला आवळते आणि गाडी निघते, सोडली की सुटते (ब्रेक अर्थात वेगळा). फक्त सगळं क्रेडिट त्याला एकट्याला देऊ नका, पकडीचं डिझाइन विल्यम एपल्सहाइमर या इंजिनिअरचं मानतात, आणि न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स हार्वेने १८६८ लाच खांबांवरची केबल रेल्वे चालवून बघितली होती. ओल्या चढावर घसरून मेलेले घोडे बघून हॅलिडीला हे सुचलं असं सांगतात खरं, पण त्यात मीठमसाला बराच असावा.