पारदर्शक विंडो का लुकलुकते? : प्रश्नोत्तरे

प्रश्न : विंडोजसाठी सी-प्लस-प्लसमध्ये छोटे घड्याळ लिहिले आहे. दर सेकंदाला काटा सरकताना सगळी विंडो क्षणभर पांढरी होते. टायमर बदलून पाहिला, उपयोग झाला नाही.

टायमरला हात लावू नका, दोष तिथे नाही. विंडो नव्याने रंगवायला सांगणाऱ्या इनव्हॅलिडेटरेक्ट या फंक्शनला तुम्ही शेवटचे पॅरामीटर ‘ट्रू’ देत असणार. तसे दिले की बिगिनपेंटच्या (रंगकाम सुरू करणाऱ्या फंक्शनच्या) वेळी आधी पार्श्वभूमी पुसण्याचा संदेश येतो, विंडो पांढरी होते आणि मग तुमचे रंगकाम सुरू होते. या दोहोंमधली अर्धवट अवस्था पडद्यावर गेली की आपल्याला ती लुकलुक म्हणून दिसते. फ्लिकरच्या, म्हणजे या लुकलुकीच्या, बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हेच असते : चित्र पुरे होण्याआधीच बघणाऱ्यासमोर जाते.

म्हणून दोन गोष्टी एकत्रच करा. पुसण्याच्या संदेशाला १ परत करून ‘ते काम झाले’ असे सांगा आणि सगळे चित्र मेमरी डीसीमध्ये (पडद्याबाहेर, मेमरीतच) काढून एकाच बिटब्लिटने (चित्र एकदम उतरवणाऱ्या फंक्शनने) विंडोवर आणा. नुसते पुसणे बंद केलेत तर काट्याच्या जुन्या खुणा मागे राहतील. व्हिस्टापासून बिगिनबफर्डपेंट आहे, ते वापरले तर बिटमॅप बनवण्या-सोडण्याची कटकट वाचते. विंडोचा आकार बदलतानाही लुकलुक असेल, तर विंडो क्लासमधले सीएस_एचरीड्रॉ आणि सीएस_व्हीरीड्रॉ काढून बघा. आकार बदलला की सगळीच विंडो नव्याने रंगवायला लावतात ते हेच.

प्रश्न : विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटच्या विंडो बनवण्याच्या साधनात) पिक्चरबॉक्सवर पारदर्शक लेबल ठेवले आहे. लेबलमागे चित्र दिसत नाही, फॉर्मचाच रंग दिसतो. डबलबफर्ड (आधी मेमरीत काढून मग पडद्यावर आणण्याची सोय) चालू करूनही फॉर्म उघडताना तुकड्यातुकड्यांनी रंगतो.

विनफॉर्म्समधली पारदर्शकता खरी आरपार नसते. लेबल आपल्या पेरेंटला (ज्याच्या आत ते बसवले आहे त्याला) ‘माझ्या जागेपुरती तुझी पार्श्वभूमी काढून दे’ असे सांगते, एवढेच. पिक्चरबॉक्स हा लेबलचा पेरेंट नाही, शेजारी आहे. त्यामुळे तो या हिशेबात येतच नाही. लेबलचा पेरेंट बदलून पिक्चरबॉक्स करा आणि लोकेशन नव्याने मोजा.

तुकड्यांचे कारण वेगळे आहे. डबलबफर्ड प्रत्येक कंट्रोलपुरते असते. दहा कंट्रोल म्हणजे दहा बफर, आणि ते आपापल्या वेळी पडद्यावर येतात. क्रिएटपॅराम्समध्ये डब्ल्यूएस_ईएक्स_कंपोझिटेड ही एक्सपीपासूनची शैली जोडली, तर सगळी पोरे (फॉर्मच्या आतली कंट्रोल) खालून वर क्रमाने एकाच बफरात रंगतात. पण भरगच्च फॉर्मवर ती जड पडते. माझे स्पष्ट मत असे, की चित्र आणि त्यावरचा मजकूर एकाच कंट्रोलच्या ऑनपेंटमध्ये काढावा. जितक्या कमी चाइल्ड विंडो, तितकी कमी लुकलुक.

प्रश्न : मऊ सावलीची विंडो हवी म्हणून लेअर्ड विंडो (प्रत्येक पिक्सेलची पारदर्शकता वेगळी ठेवता येणारी) घेतली. आता कडांना उजळ झालर दिसते आणि काळी अक्षरे आरपार गेली आहेत.

मार्ग बरोबर निवडलात. अपडेटलेअर्डविंडो वापरली की पेंटचा संदेश येतच नाही. तुम्ही पूर्ण ३२-बिट बिटमॅप देता आणि विंडोज तो तसाच मिसळते, म्हणजे पुसण्याचा प्रश्नच मिटतो.

झालर येते ती रंग अल्फाने (पिक्सेल किती अपारदर्शक हे सांगणाऱ्या आकड्याने) आधीच गुणलेले नसल्यामुळे. लाल २०० आणि अल्फा १२८ असेल, तर बिटमॅपमध्ये लाल सुमारे १०० लिहायला हवा (२०० × १२८ ÷ २५५). अक्षरांचा घोळ जीडीआयमुळे (विंडोजच्या जुन्या चित्र काढण्याच्या लायब्ररीमुळे) होतो. त्याला अल्फा ठाऊकच नाही, मजकूर लिहिताना तो चौथ्या बाइटमध्ये ० टाकतो. जीडीआय-प्लस किंवा डायरेक्ट-टूडीने लिहा, आणि क्लिअरटाइपऐवजी ग्रेस्केल स्मूदिंग ठेवा. क्लिअरटाइप लाल, हिरव्या, निळ्या उपपिक्सेलसाठी वेगवेगळे प्रमाण वापरते, ते एका अल्फात मावत नाही.

आणखी एक, कारण हे शोधण्यात फार वेळ जातो : त्याच विंडोवर सेटलेअर्डविंडोअ‍ॅट्रिब्यूट्स वापरलेत, तर लेअर्ड शैली काढून पुन्हा लावेपर्यंत अपडेटलेअर्डविंडो अपयशी ठरते. पूर्ण पडद्याची विंडो असेल तर आकारही लक्षात घ्या. १९२० × १०८० चा बफर सुमारे ८.३ एमबीचा होतो. थोडाच भाग बदलत असेल तर अपडेटलेअर्डविंडोइनडायरेक्टला बदललेला चौकोन तेवढा सांगता येतो.

प्रश्न : लिनक्सवर एक्स-११ (पडद्यावर विंडो दाखवणारी जुनी व्यवस्था) मध्ये ३२-बिट पारदर्शक विंडो उघडताना काळी चमकते.

विंडोचा बॅकग्राउंड पिक्समॅप (पार्श्वभूमीचे चित्र) ‘नन’ ठेवा, म्हणजे एक्स सर्व्हर स्वतःहून रंग भरणार नाही. मग पिक्समॅपमध्ये चित्र पुरे करून एक्सकॉपीएरियाने आणा. कंपोझिटर (विंडो एकमेकींवर मिसळून दाखवणारा प्रोग्रॅम) चालू नसेल तर मात्र पारदर्शकता मिळणारच नाही. पुढे वेलँडवर (एक्स-११ च्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेवर) गेलात तर तिथे कमिट केलेला बफरच दिसतो. तो बफर रिलीज झाल्याचा इव्हेंट येईपर्यंत त्यात पुन्हा लिहू नका, पुढच्या फ्रेमसाठी दुसरा बफर घ्या.