वाचकांचे प्रश्न : बेताच्या बजेटात फुल सस्पेन्शन

प्रश्न : कॉलेजात असताना २६ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे धक्के झेलणारी सायकल) चालवायचो. मग बरीच वर्षं सायकल सुटली. आता पुन्हा डोंगरवाटांवर जायचं आहे आणि या वेळी फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी) घ्यायचा विचार आहे. बजेट बेताचंच आहे. ट्रॅव्हल (धक्क्याने चाक जितकं वर-खाली होतं ते अंतर) किती घ्यावा आणि पैसे नेमके कशावर घालावेत?

उत्तर : मागे १२० ते १३० मिमी आणि पुढे १३० ते १४० मिमी ट्रॅव्हल पुरेसा आहे. १०० मिमीच्या सायकली बहुतेक शर्यतीच्या अंगाने बांधलेल्या असतात. अंग पुढे झुकतं आणि उतारावर चूक झाली तर त्या सांभाळून घेत नाहीत. १६० मिमीच्या सायकलीला खरोखर खडा, दगडगोट्यांचा उतार लागतो. तो रोज नसेल तर तिचं जादा वजन तुम्ही प्रत्येक चढावर उगाच वाहून नेता. इतक्या वर्षांनी परतताना पाय आधी चढावरच दमणार आहेत, हे विसरू नका.

पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाजारातली सगळ्यात स्वस्त फुल सस्पेन्शन आणि त्याच किमतीची हार्डटेल यांत हार्डटेल जवळजवळ नेहमीच सरस ठरते. मागचा शॉक (धक्के झेलणारा भाग), लिंकेज (त्याला चाकाशी जोडणारे सांधे) आणि बेअरिंगांचा खर्च कंपनीला कुठून तरी काढावा लागतो, आणि तो फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा भाग), ब्रेक आणि चाकांच्या हबमधून निघतो. शॉकवर रिबाउंडची, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत उसळतो ते ठरवणारी, फिरकी नसेल तर ती सायकल तिथेच सोडा. स्प्रिंग, मग ती धातूची असो वा हवेची, धक्का साठवून ठेवते. डॅम्परमधलं तेल बारीक छिद्रांतून जाताना त्या धक्क्याचा जोर जिरवतं. डॅम्परच नसेल तर दबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने उसळते आणि खड्ड्यातून बाहेर पडताना मागचं चाक तुम्हाला हँडलवरून पुढे फेकू पाहतं. सायकलीवर किंवा तिच्या पुस्तिकेत ‘ऑफ-रोड वापरासाठी नाही’ असं लिहिलेलं असेल तर ते शब्दशः खरं माना.

बजेट त्या पातळीच्या वर जात असेल तर पैसे फ्रेम, फोर्क आणि शॉकवर घाला. बाकी सगळं झिजेल तसं बदलता येतं. फ्रेम मात्र आजच्या मापांची हवी, म्हणजे पुढच्या काळात सुटे भाग मिळतील : टेपर्ड हेड ट्यूब (फोर्क बसतो ती, खाली रुंद होत जाणारी नळी), पुढे १५×११० आणि मागे १२×१४८ मिमीचा थ्रू-एक्सल (चाकातून आरपार जाणारा आस), शक्यतो आटे असलेली बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस बसतो ती जागा). डिरेल्युअरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, यूडीएच या सामाईक प्रकारचा असेल तर उत्तमच. २०१९ पासून आलेला हा हँगर अनेक कंपन्या वापरतात, त्यामुळे वाकला तर तुमच्याच मॉडेलचा शोधत बसावं लागत नाही.

फोर्क हवेचा आणि रिबाउंड असलेला घ्या. त्याच्या नळ्या ३४ किंवा ३५ मिमी जाडीच्या असाव्यात. २९ इंची चाक आणि १३० मिमी ट्रॅव्हल असताना ३० मिमीच्या नळ्या ब्रेक लावताच लवतात, मग फोर्क अडखळत दबतो आणि चाक आखलेल्या रेषेवर राहत नाही.

गिअरवर मात्र फार जीव टाकू नका. पुढे एकच दातेरी चकती, मागे ११-४८ ते ११-५१ दातांची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) आणि डिरेल्युअरला क्लच (चेन ताणून धरणारी यंत्रणा), एवढं झालं की १० गिअर आहेत की १२, याने वाटेवर फारसा फरक पडत नाही. विक्रेते सायकलीचा सगळ्यात महागडा डिरेल्युअर पुढे करून दाखवतात. त्याच वेळी रोटर (ब्रेकची चकती) बघा. स्वस्त रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाचा ठसा असतो. त्यावर धातूमिश्रित पॅड लावले तर रोटर लवकर झिजतो, आणि लांब उतारावर तर धातूमिश्रित पॅडच हवे असतात. म्हणजे ब्रेक सुधारायचे तर रोटरही बदलणं आलं. पुढे किमान १८० मिमीचा रोटर आणि हायड्रॉलिक ब्रेक, यात तडजोड नको.

प्रश्न : दुकानात माझ्या मापाची म्हणून दिलेली सायकल फारच लांब आणि हँडल अवाढव्य वाटलं. माप चुकलं असेल का?

उत्तर : बहुधा नाही. मधल्या काळात सायकलीची ठेवणच बदलली आहे. जुन्या हार्डटेलचा हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) ६९ ते ७१ अंश असे, स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) ९०-१०० मिमीचा आणि हँडल ६८० मिमीच्या आसपास. आजच्या ट्रेल सायकलीत हेड अँगल ६५ ते ६६.५ अंश, स्टेम ३५ ते ५० मिमी आणि हँडल ७६० ते ८०० मिमी असतं. पुढचं चाक लांब गेल्यामुळे उतारावर हँडलवरून पलटी खाण्याची भीती कमी होते, आणि आखूड स्टेममुळे वळण सुस्त होत नाही.

म्हणून माप सीट ट्यूबच्या लांबीवरून ठरवू नका, रीचवरून ठरवा. रीच म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. तुमची उंची १७० सेंमीच्या आसपास असेल तर ४३० ते ४५५ मिमी रीच जमतो. पेडलवर उभं राहून, कोपरं किंचित वाकवून पाहा. उभं राहिल्यावर छाती दोन्ही चाकांच्या मध्ये वाटत असेल तर बसल्यावर नवखं वाटलं तरी माप बरोबर आहे. हँडल मात्र दोन्ही टोकांकडून १०-१० मिमी कापता येतं. आधी ग्रिप आत सरकवून आठवडाभर चालवा, मगच करवत लावा.

प्रश्न : नव्या सायकलीच्या पैशात वापरलेली बरीच चांगली मिळते आहे. घेताना काय तपासावं?

उत्तर : परतणाऱ्यासाठी वापरलेली सायकल हा आमच्या मते सगळ्यात चांगला सौदा असतो, पण तपासणीला अर्धा तास द्या आणि शॉक पंप सोबत न्या.

सुरुवात मागून करा. सायकल जमिनीवर उभी ठेवा, सीटची मागची कड धरून अगदी हळू वर उचला. चाक जमिनीवरून सुटण्याआधी हाताला ‘टक’ असा मोकळा खेळ जाणवला तर कुठेतरी झीज आहे. आता दुसऱ्या हाताचं बोट शॉकच्या डोळ्यावर (बोल्ट जातो त्या भोकापाशी), बोल्ट आणि फ्रेम यांच्या फटीत टेकवा आणि पुन्हा उचला. मग एकेक करून प्रत्येक सांध्यावर. ज्या जागी बोटाला हालचाल लागेल तिथे दोष. शॉकचं बुशिंग (बोल्टभोवतीची आतली बाही) असेल तर किरकोळ खर्च. सांध्यातली बेअरिंग असतील तर संच आणि ती दाबून बसवण्याची मजुरी किमतीतून वजा करा. पण सैल बोल्टवर बराच काळ चालवून फ्रेममधलं भोकच लांबट झालं असेल तर सौदा सोडून द्या.

फोर्क आणि शॉकच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकेल इतका ओरखडा सीलच्या येण्याजाण्याच्या पट्ट्यात असेल तर तेल बाहेर आणि धूळ आत जाणारच. नळीवरचा रंगीत थर घासून राखाडी पट्टा दिसत असेल तर फोर्कची सर्व्हिस कधी झालीच नाही असं समजा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खेळ हेडसेटच्या (फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगांच्या) फटीत जाणवला तर बोल्ट आवळून काम भागतं. फोर्कच्या सीलपाशी जाणवला तर आतली बुशिंग गेली आहेत, आणि ती बदलणं महाग पडतं.

शॉकमध्ये हवा भरा, पाच-सहा वेळा दाबा. दाबताना आत पाणी खळखळल्यासारखा आवाज येत असेल तर डॅम्परच्या तेलात हवा मिसळली आहे. हवा असूनही शॉक खालीच दबून राहिला, वर येईना, तर आतला सील फुटून हवा दुसऱ्या कप्प्यात अडकली आहे. असा शॉक घरी उघडू नका. आत दाब कोंडलेला असतो, भाग उडून इजा होते. हे काम सर्व्हिस सेंटरचंच.

फ्रेमवरची माती पुसून तडे शोधा : डाउन ट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) खालच्या बाजूला हेड ट्यूबजवळ, सीट ट्यूब आणि टॉप ट्यूबच्या सांध्याशी, आणि प्रत्येक पिव्हटभोवती (फिरत्या सांध्याभोवती). रंगावरची केसासारखी रेघ वेल्डच्या कडेने जात असेल तर तडाच धरा. चेन गेज (चेन किती ताणली ते मोजणारं साधन) ०.५ टक्क्यांच्या पुढे गेला तर चेन संपली. बरीच पुढे गेली असेल तर कॅसेटही धरा. शॉकवर लिहिलेलं माप (लांबी×स्ट्रोक, म्हणजे शॉक दबण्याचं अंतर) टिपून घ्या. २१०×५० किंवा २१०×५५ अशी मेट्रिक मापं आजही सहज मिळतात. फक्त त्या एका फ्रेमसाठी बनवलेला शॉक बिघडला तर सायकल उभी राहते. आणि मूळ पावती व फ्रेमचा क्रमांक जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटच्या सर्व्हिसचा पुरावा नसेल तर फोर्क आणि शॉक दोन्हींच्या पूर्ण सर्व्हिसचा खर्च सायकलीच्या किमतीतच धरा. फोर्कच्या खालच्या पायांचं तेल साधारण ५० तासांच्या वापरानंतर बदलायचं असतं, आणि आधीच्या मालकांपैकी फार थोडे ते बदलतात.

प्रश्न : सायकल आली. पण खाचखळगे पूर्वीच्या हार्डटेलइतकेच बसतात. शॉक खराब आहे का?

उत्तर : आधी सॅग (तुमच्या वजनाने शॉक जितका दबतो ते प्रमाण) लावा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. शॉकच्या दांड्यावर रबराची रिंग असते. सायकल चालवताना घालता त्या कपड्यांत, पाण्यासकट, पेडलवर उभे राहा. कोणाला तरी हँडल धरायला सांगा. दोन-तीनदा हलकं दाबा, रिंग सीलला टेकवा, अलगद उतरा आणि रिंग किती सरकली ते मोजा. शॉकचा स्ट्रोक ५० मिमी असेल तर १४ ते १५ मिमी, म्हणजे २८-३० टक्के. लक्षात घ्या, हे स्ट्रोकचं प्रमाण आहे, चाकाच्या ट्रॅव्हलचं नाही. इथेच घोळ होतो. १३० मिमीच्या फोर्कला २० ते २६ मिमी.

अंदाजे सुरुवात म्हणून मागे तुमचं वजन पौंडांत जितकं, तितके पीएसआय भरा. ७५ किलोला १६५. दर ५० पीएसआयनंतर शॉक दहा वेळा दाबा, म्हणजे आतले दोन्ही कप्पे समान होतात. दुसऱ्या दिवशी पंप लावल्यावर दाब कमी दिसला तर घाबरू नका. शॉकमधली हवा मुळात थोडी, तिच्यातली काही नळीत भरते आणि काटा खाली येतो. काढताना येणारा ‘फुस्स’ही नळीतल्याच हवेचा.

मग रिबाउंड. फिरकी पूर्ण आवळा, क्लिक मोजत मधोमध या. फुटपाथच्या कडेवरून बसल्या बसल्या उतरा. मागचा भाग एकदा वर येऊन थांबला तर बरोबर. दोनदा डोलला तर एक-दोन क्लिक आवळा. सलग खड्ड्यांत सायकल खाली खाली बसत चालली तर रिबाउंड फार मंद आहे, फिरकी सैल करा. बऱ्याच नव्या चालकांचा हाच दोष असतो.

प्रश्न : माझं वजन १०५ किलो आहे. स्वस्त सायकल झेपेल का?

उत्तर : झेपेल, पण आधी एक भागाकार करा. मागचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक. १३० भागिले ५५ म्हणजे २.४, १३० भागिले ४५ म्हणजे २.९. आकडा जितका मोठा तितकी शॉकमध्ये जास्त हवा लागते, आणि शॉकची कमाल मर्यादा त्याच्यावर छापलेली असते. तुमचं सॅग त्या मर्यादेच्या बरंच आत बसलं पाहिजे. २.६ च्या आतली फ्रेम निवडा. पुढे २०० मिमीचा रोटर आणि चार पिस्टनचा कॅलिपर (पॅड दाबणारी ब्रेकची पकड) घाला; रोटरचं कमाल माप फोर्कच्या पुस्तिकेत बघून मगच. सायकलीची एकूण वजनमर्यादा चालक, सायकल आणि सामान मिळून असते, हेही तपासा.

प्रश्न : जुन्या २६ इंची सायकलीची चाकं, फोर्क आणि हेल्मेट नव्या फ्रेमला चालतील का? आणि पहिली सुधारणा कोणती करू?

उत्तर : चाकं नाही, हबची रुंदी आणि रिमचा व्यास दोन्ही वेगळे. फोर्कही नाही. पेडल चालतील, त्यांचे आटे बदललेले नाहीत. हेल्मेट नवीन घ्या; इतक्या वर्षांच्या फोमवर डोकं सोपवू नये.

पहिली सुधारणा टायरची. स्वस्त सायकलीवर येणारं रबर बहुधा कडक असतं, ओल्या दगडावर घसरतं. पुढे मऊ रबराचा, बाजूच्या खुंट्या ठळक असलेला २.४ इंची टायर टाका आणि ट्यूब काढून टाका. रिम ट्यूबलेसची असल्याची खात्री करून टेप, व्हॉल्व्ह आणि प्रत्येक टायरला साधारण १०० मिली सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव). ७५ किलोच्या चालकाने पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करावी. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला तर एक-दोन पीएसआय वाढवा. वळणात टायर लोळत नसेल आणि आपटतही नसेल तर एकेक कमी करत जा. सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक कानाजवळ हलवून आत खळखळ येते का पाहा, नसेल तर पुन्हा भरा.