गॅस्केट पातळ घेऊ का?

प्रश्न : रॅलीसाठी जिप्सीचं १३०० सीसी इंजिन बांधतोय. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधला सीलचा पत्रा) १.२ मिमी घेऊ की ०.८?

उत्तर : अहो, आधी मोजा तरी! पातळ गॅस्केटनं दर सिलिंडरमागे जेमतेम पावणेदोन सीसी जागा घटते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ९ असेल तर ९.४ च्या आसपास जाईल. खरा प्रश्न पिस्टन आणि हेडमधल्या फटीचा. पिस्टनच्या कडेवर सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसनं चिकटवा, जुनं गॅस्केट टाकून हेड आवळा, हातानं क्रँक फिरवा. चेपलेली तार मोजा. जुन्या आणि नव्या गॅस्केटच्या दाबलेल्या जाडीतला फरक वजा करून १ मिमी उरत असेल तरच ०.८. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट वेगळी तपासा. ती विसरून मी एकदा चार व्हॉल्व्ह वाकवलेत.