जर्मनीत वाढलोय, घरी मराठी बोलतो. एका सत्रासाठी गोवा विद्यापीठात येतोय. शनिवार-रविवारी समोर बसून गाणं ऐकायला आणि मैदानावर खेळ बघायला कुठे जाऊ?

आधी एक कळकळीची विनंती. हे दोन दिवस बागा-कळंगुटच्या किनाऱ्यांवर घालवू नका. तिथे रात्री जे वाजतं ते तुम्हाला तुमच्या शहरातही ऐकायला मिळेल. मी फोंड्याचा, त्याच विद्यापीठात शिकलो, त्यामुळे आमच्या वाटेनेच सांगतो.

एफसी गोवा या फुटबॉल क्लबचा सामना घरच्या मैदानावर असेल तर शनिवार मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला द्या. पणजीच्या बसस्थानकावरून कदंबाची, म्हणजे सरकारी बससेवेची, मडगाव शटल पकडायची. सामन्याच्या दोन तास आधी पोहोचा, कारण स्टेडियमबाहेरची गर्दीसुद्धा बघण्यासारखी असते. हा क्लब 2014 चा, पण शेजारी बसलेले आजोबा साळगावकर, धेंपो, चर्चिल या जुन्या क्लबांचे सामने बघत म्हातारे झालेले असतात. त्यांच्याशी मराठीत बोला, ते कोकणीत उत्तर देतील, आणि तुम्हाला बरंचसं समजेल. फुटबॉल इथे 1883 च्या सुमारास शिवोलीत एका पाद्र्यामुळे आला असं सांगतात. पुढे तो चर्चच्या आवारात राहिला नाही. भारताचे कर्णधार झालेले गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर आमचेच. सामना संपल्यावर मडगावात गाड्यावर रस-ऑम्लेट, म्हणजे रस्सा घातलेलं ऑम्लेट, खा. मात्र परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधीच विचारून ठेवा, रात्री उशिरा बस मिळत नाही.

मोठा सामना नसेल तर वास्कोचं टिळक मैदान किंवा म्हापशाचं धुळेर स्टेडियम बघा, तिथे गोव्याच्या लीगचे सामने होतात. उन्हाळ्यात असाल तर भात कापलेल्या शेतात गावागावांच्या स्पर्धा रंगतात. मला विचाराल तर खरा गोव्याचा फुटबॉल तोच.

आता गाणं. पणजीत मांडवीच्या काठी कला अकादमी आहे. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ही वास्तू नुसती बघायलाही जावी. शास्त्रीय गायन, संगीत नाटक, तियात्र म्हणजे कोकणी नाटक, सगळं तिथे होतं. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर यांच्या नावाचा संगीत समारोह तुमच्या मुक्कामात आला तर काहीही करून गाठा. केसरबाई आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या. 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेलेल्या ध्वनिमुद्रिकेत त्यांची भैरवी आहे.

तरीही सभागृहातल्या गाण्यापेक्षा घुमट हे वाद्य ऐका असंच मी म्हणेन. मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्यामुळे आता बकरीचं लावतात. 2019 मध्ये सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी वाड्यावाड्यावर आरतीचा सराव सुरू होतो. घुमट, शामेळ हा ताशासारखा ढोल आणि कासाळें म्हणजे झांजा एकत्र वाजू लागली की छातीत घुमतं, ते रेकॉर्डिंगवर येतच नाही. वर्गातल्या कुणी चवथीला घरी बोलावलं तर संकोच करू नका, तिथे पाहुणा परका नसतो.

श्रावणात इथे असाल तर वास्कोचा सप्ताह चुकवू नका. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी देव दामोदराच्या मंदिरात चोवीस तासांचं अखंड भजन सुरू होतं. प्लेगच्या साथीपासूनची ही प्रथा आहे. रात्री निरनिराळ्या समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, निघतात, त्यांच्याबरोबर गायकांच्या बैठकी होतात. लोक रस्त्यावरच बसून ऐकतात, तिकीट नाही की राखीव जागा नाही. फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, पुढे कित्येक दिवस चालते, पण भजनाचा दिवस शनिवार-रविवारी येईलच असं नाही. एखादा तास बुडाला तरी चालेल, जा.

कुठल्या महिन्यात येताय ते खाली लिहा, म्हणजे तेव्हा कुठे काय असतं ते नेमकं सांगता येईल.