जर्मनीला निघालास, तर त्यांचं परराष्ट्र धोरणही बघून ठेव

कुपवाड एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) चालवणाऱ्याला जर्मनीच्या परराष्ट्र धोरणाशी काय देणंघेणं, असं विचारलंस. भावा, तुझा व्हिसाच त्यातून निघालाय. ऑक्टोबर 2024 मध्ये इथल्या जर्मन सरकारनं भारतासाठी वेगळं धोरण काढलं आणि कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत न्यायचं ठरवलं. हे आपल्या प्रेमापोटी नाही. इथं म्हातारी माणसं वाढलीत, कामाला हात नाहीत. शिवाय 2021 मध्ये निम्म्याहून जास्त गॅस रशियातून यायचा, आणि युक्रेन युद्धात त्याचे चटके बसले. तसं एकाच देशावर अवलंबून राहणं चीनच्या बाबतीत नको, म्हणून भारताची आठवण.

रशियाचं तेल भारत का घेतो, हे तुला इथले सहकारी जेवणाच्या सुट्टीत हमखास विचारतील. चिडू नको. युक्रेनवर हल्ला झाल्यावर त्यांचेच मंत्री गॅससाठी, मानवी हक्कांवरून ज्याच्यावर टीका होते त्या कतारला धावले होते, एवढं शांतपणे सांग आणि भडंगाची पुडी पुढं कर. मूल्यं आणि गरज यांचा मेळ त्यांनाही दरवेळी बसत नाही.

पण मूल्यं नुसती बोलायची नाहीत. 1949 च्या राज्यघटनेचं पहिलंच कलम माणसाच्या प्रतिष्ठेचं आहे, आणि त्यामागं हिटलरच्या काळाची लाज आहे. इस्रायलची सुरक्षा हा आमच्या राष्ट्रहिताचा भाग, असं तेव्हाच्या चॅन्सेलर (सरकारप्रमुख) मर्केल 2008 मध्ये इस्रायलच्या संसदेत बोलल्या, तेही त्यातूनच. गाझावरून इथं लोकांत बरेच वाद आहेत, सरकार मात्र ही भूमिका सोडत नाही.

आपल्याकडं कट्ट्यावर 'देशाला हिटलरच पाहिजे' असं कुणीही सहज बोलून जातं. इथं ते बोललास तर नोकरीवर येईल. नव्या गाडीच्या बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढू नको. बंदी नाझींच्या चिन्हावर आहे, आपल्या स्वस्तिकावर नाही. पण खिडकीतून बघणाऱ्या म्हाताऱ्या शेजारणीला तो फरक कोण समजावणार? गाडीला हार घाल, नारळ फोड, बास.

पाच वर्षांनी नागरिकत्वाला अर्ज करता येतो. 2024 पासून त्यात नाझी गुन्ह्यांबद्दलची ऐतिहासिक जबाबदारी आणि ज्यू लोकांचं संरक्षण मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. जर्मनीला दोन पासपोर्ट चालतात, भारताला नाही. आपला पासपोर्ट जमा करावा लागतो, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) घेता येतं. गावाकडं शेतजमीन असेल तर त्याआधी वकिलाला विचार, कारण ओसीआयवर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही.